गाय वीस मोजेपर्यंत थांबते

सोमवार, ३ मार्च

सासूबाई म्हणाल्या, "रोज जेवताना ऑफिसचं रडगाणं ऐकवतेस, त्यापेक्षा वहीत लिहीत जा. आमचा घास तरी सुखाने उतरेल." म्हणून ही वही. पहिलं पान आहे म्हणून अक्षर नीट आहे. फार दिवस टिकायचं नाही.

तर आजचं रडगाणं. आम्ही गुरांची सोनोग्राफी करायचं छोटं मशीन बनवतो. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, झाकण उघडलं की पडदा, बाजूला वायर आणि वायरीच्या टोकाला तपासणीचा दांडा. जनावरांच्या डॉक्टरांनी पेटी खांद्याला अडकवायची, गोठ्यागोठ्यातून फिरायचं आणि कुठली गाय गाभण आहे ते जागच्या जागी सांगायचं. मशीन गुणी आहे. खोड एकच, झोपलं की उठायला बावन्न सेकंद घेतं.

ज्या डॉक्टर ते वापरून बघतायत त्या आज स्वतः ऑफिसात आल्या. पायात गमबूट, माझ्या टेबलापाशी चिखलाचे चार ठसे. मला म्हणाल्या, "मॅडम, गाय माझ्यासाठी वीस मोजेपर्यंत उभी राहते. एकविसाव्याला ती लाथ मारते नाहीतर निघून जाते. तुमचं मशीन बावन्नला डोळे उघडतं. मधल्या वेळात मी काय करू, गाणं म्हणू?"

मी म्हटलं, "मग दोन गोठ्यांच्या मधे चालूच ठेवा."

"ठेवलं होतं. तिसऱ्या गोठ्यावर बॅटरी मेली."

त्या गेल्यावर साहेबांनी मला आणि पेचकसला आत बोलावलं. पेचकस म्हणजे आमचा पेटी, वायरी आणि सर्किटच्या पाट्या बघणारा माणूस. खिशात कायम पेचकस असतो, म्हणून सगळे तेच म्हणतात. पशुपालकांचा संघ पंधरा एप्रिलला गोठ्यात येऊन मशीन बघणार आहे. पसंत पडलं तर त्यांच्या चाळीसही डॉक्टरांसाठी घेणार, नाही तर एकही नाही. एकही नाही म्हणजे आमचा विभाग बंद. मला वरच्या मजल्यावर हजेरीच्या सॉफ्टवेअरवर पाठवतील. पेचकसला घरी, कारण वरच्या मजल्यावर एकही स्क्रू नाही.

नऊ वर्षं ह्या खोलीत काढली. हजेरी मोजत म्हातारी व्हायचं नाही मला.

मंगळवार, ४ मार्च

सासूबाईंनी विचारलं, "यंत्र झोपतं म्हणजे काय करतं?" त्यांना जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण सांगताना मलाच नीट समजलं.

झोपताना मशीन आपल्या डोक्यात जे काही उघडं आहे ते सगळं डिस्कवर उतरवून ठेवतं आणि वीज सोडून देतं. उठताना तेच परत डोक्यात भरतं, त्यामुळे जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू होतं. अर्धवट लिहिलेलं अक्षरसुद्धा अर्धवटच सापडतं. आमच्या मशीनचं डोकं, म्हणजे मेमरी, चार जीबीची आणि डिस्क बिचारी सेकंदाला ऐंशी एमबी वाचते. भागाकार करा, पन्नास सेकंद तिथेच गेले.

डिस्क बदलता येणार नाही, पेटी ठरून गेली आहे. म्हणजे सामान लहान करायचं. झोपताना सगळं दाबून ठेवायचं म्हणजे उठताना कमी वाचावं लागेल, आणि मग ते उलगडायचं. उलगडण्यात जाणारा वेळ वाचनात वाचलेल्या वेळेपेक्षा कमी असला की जिंकलो. एवढंच. नोकरीत मी जेव्हा जेव्हा 'एवढंच' म्हटलंय तेव्हा तेव्हा तोंडावर आपटले आहे.

पेचकस दिवसाला तीन शब्द बोलतो. आज चार बोलला. "दाबून बघा. होईल बहुतेक."

मंगळवार, ११ मार्च

तीन पद्धती लावून पाहिल्या. एक पटकन दाबते पण जेमतेम. एक मधली. तिसरी सावकाश दाबते, पण अशी दाबते की हत्तीची मुंगी व्हावी. मी तिसरी घेतली. दाबायचंच आहे तर नीट दाबावं.

पेचकस आज इस्त्रीचा शर्ट घालून आला. सहा वर्षांत मी त्याला इस्त्रीच्या शर्टात पाहिलेलं नाही. चार वाजता फोन आला तर बाहेर जिन्यात जाऊन बोलला. जो माणूस आमच्याशी बोलत नाही तो जिन्यात दहा मिनिटं बोलतो. मी काय ते ओळखलं. नोकरी शोधतोय. बोट बुडणार असं दिसलं की उंदीर आधी उडी मारतात. माझा राग त्या उडीवर नाही, निदान मला सांगायला हवं होतं.

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "नोकरीसाठी माणूस एकदा इस्त्री करतो. उद्या बघ केली आहे का."

बुधवार, १२ मार्च

केली आहे. म्हणजे दोन ठिकाणी मुलाखती.

शुक्रवार, १४ मार्च

नऊ सेकंद.

पुन्हा लिहिते, कारण लिहायला बरं वाटतं. नऊ सेकंद. दहा वेळा घेतलं, दहाही वेळा नऊ. साहेबांनी केक मागवला. मी दोन तुकडे खाल्ले आणि तिसरा सासूबाईंसाठी कागदात बांधून आणला.

माझी शिस्त कामाला आली. प्रत्येक चाचणीआधी मी मशीन पुसून कोरं करते, नव्याने चालू करते, झोपवते, उठवते. स्वच्छ मशीन, स्वच्छ आकडा, हे मी नव्या लोकांनाही शिकवते. पेचकसला मात्र शिस्तीचं वावडं आहे. संध्याकाळी मशीन घेऊन जातो आणि सकाळी माझ्या टेबलावर ठेवतो तेव्हा त्यात ढिगाने चित्रं, नोंदी आणि कसल्या कसल्या खिडक्या उघड्या असतात. वर पेटीला गोठ्याचा वास. रोज सकाळी माझी वीस मिनिटं ते साफ करण्यात जातात.

केक खाताना तो म्हणाला, "मॅडम, एकदा भरलेलं घेऊन बघा."

मी म्हटलं, "आधी तुम्ही भरायचं बंद करा."

त्याने केक संपवला आणि मशीन उचलून घेऊन गेला.

गुरुवार, २० मार्च

लिहिण्यासारखं काही नाही. गुडघा दुखतो. नऊ सेकंदांचे साडेआठ केले. पेचकसने माझी खुर्ची दुरुस्त केली, सहा महिने एका बाजूला कलंडत होती. जाणारा माणूस जाता जाता उपकार करून ठेवतो असं म्हणतात, त्यातलंच असेल. दुपारपासून गायब होता. साहेबांनी विचारलं तर म्हणाला, "गोठ्यात." खोटं तरी पटेल असं बोलावं. नोकरीवरच्या माणसाला गोठ्यात काय काम?

मंगळवार, २५ मार्च

आजचा दिवस वहीत नको होता, पण नियम म्हणजे नियम.

डॉक्टरांना मशीन दाखवायला मी पहिल्यांदाच गोठ्यात गेले. नवी चप्पल घालून गेले, ती आता दाराबाहेर आहे. चौदा नंबरची गाय निवडली होती, कारण ती सगळ्यांत तापट. डॉक्टर म्हणाल्या, हिला जमलं तर सगळ्यांना जमलं. डॉक्टरांच्या एका हातात खांद्यापर्यंतचा लांब मोजा. गायीची तपासणी कुठून करतात ते मला आज कळलं, आणि गाय वीसच का मोजते तेही कळलं.

सकाळपासून त्या मशीनवर चार गोठे झाले होते. मी म्हटलं, "असू दे, उघडा." झाकण उघडलं. मी ऐटीत नऊपर्यंत मोजलं. पडदा काळा. वीस झाले. गाय वळून माझ्याकडे बघायला लागली. तीसला तिने बादली उडवली आणि दोरीसकट निघाली. डॉक्टर एक हात मोज्यात, एक हात दोरीला, अशा तिच्या मागून पळाल्या आणि पेचकस त्यांच्या मागून. मी मशीनपाशी तिथेच उभी. मशीन उठलं तेव्हा एकाहत्तर सेकंद झाले होते.

बावन्नचे एकाहत्तर. तीन आठवडे घाम गाळून मी ते आणखी बिघडवलं.

रात्री जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "होतं असं." त्याला काय कळतंय, पण बरं वाटलं.

बुधवार, २६ मार्च

कुठे शेण खाल्लं ते सापडलं. बसूनच राहिले पाच मिनिटं.

कोऱ्या मशीनच्या डोक्यात काय असतं? काहीच नसतं. मेमरीच्या तुकड्यांना आम्ही पानं म्हणतो, ती नुसती रिकामी. रिकामी पानं दाबली तर मुंगीएवढीच होणार, त्यात माझी कसली कर्तबगारी? मी तीन आठवडे रिकामी बॅग तागडीवर ठेवून किती हलकी म्हणून नाचत होते. डॉक्टरांच्या मशीनमध्ये चार गोठ्यांची चित्रं असतात. सोनोग्राफीचं चित्र म्हणजे सगळा राखाडी रवा, त्यात दाबण्यासारखं काही नाही. शिवाय साठवताना ते एकदा दाबलेलंच असतं. पिळलेलं धुणं मी पुन्हा पिळत बसले होते. पाणी काही निघालं नाही, उलट माझी ती जोरदार पद्धत उलगडायलाही सावकाश, त्यामुळे आणखी एकोणीस सेकंद गेले.

आणि हेच पेचकस मला रोज सकाळी टेबलावर आणून ठेवत होता. भरलेलं, वापरलेलं, गोठ्याचा वास येणारं खरं मशीन. मी ते रोज वीस मिनिटं घासूनपुसून फेकून देत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्याच्या टेबलाशी गेले. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे नीट जमली नाही. म्हटलं, "तुमचं बरोबर होतं."

"हो," तो म्हणाला.

एवढंच. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी भांडले असते.

गुरुवार, २७ मार्च

नवा नियम भिंतीवर लावला, मोठ्या अक्षरात: कुणीही काहीही पुसायचं नाही. मशीन रोज डॉक्टरांबरोबर जाईल, जसं वापरतील तसं वापरतील, झाकण लावून जसंच्या तसं माझ्याकडे येईल. पंधरा तारखेलाही तेच मशीन, त्याच अवस्थेत न्यायचं. फसायचं तर खऱ्यावर फसू.

ने-आण कोण करणार असं साहेबांनी विचारायच्या आत पेचकसने हात वर केला. ह्याला काही बोलायची सोय राहिली नाही, बाहेर फिरायला अधिकृत परवानगीच मिळाली. मुलाखतीही त्यातच उरकतील. पण मला बोलायला तोंड कुठे आहे?

मंगळवार, १ एप्रिल

आता पायरी पायरीने उतरतेय. एकाहत्तरवरून सुरुवात, आज अठ्ठावीसवर आहे.

पहिली गोष्ट, जुनी चित्रं डोक्यात वागवायचीच कशाला? ती डिस्कवर आधीच साठवलेली आहेत. झोपताना ती सोडून द्यायची, लागतील तेव्हा परत उघडायची. निम्मं ओझं तिथेच उतरलं. दुसरी गोष्ट, तिसरी पद्धत रद्द. पहिली घेतली, जेमतेम दाबणारी, पण उलगडते मात्र चुटकीसरशी. सासूबाई पूर्वीपासून म्हणतात की साडीची घडी अशी असावी की एका झटक्यात उलगडेल. माझ्या घड्या त्यांना कधीच आवडल्या नाहीत.

तिसरं, प्रत्येक पानाचा एक कोपरा आधी दाबून बघायचा. दबला तर पूर्ण पान दाबायचं, नाही दबला तर हट्ट सोडायचा आणि आहे तसं ठेवून द्यायचं. हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी सुचतंय.

शुक्रवार, ४ एप्रिल

उतरवून ठेवलेल्या डोक्यात नक्की काय आहे ते आज पानपान करून पाहिलं. एकोणीस सेकंद.

गंमत सापडली. प्रत्येक गायीच्या नावाने एक नोंदीची चौकट असते, आणि मी मशीन पुसलं तरी जुन्या नोंदी डॉक्टरांच्या कार्डावरून परत येतात. त्यातला मजकूर फार छान दबतो, कारण तेच तेच वाक्य परत परत येतं. "उद्या येणार?" "हो." हे सव्वीस वेळा. "चहा आणलाय" अकरा वेळा. "बोलायला जमत नाही म्हणून लिहितो" एकदा. "लिहा, मला वाचायला आवडतं" एकदा. डॉक्टर मोठ्या शिस्तीच्या दिसतात, भेटीच्या वेळासुद्धा गायीच्या नोंदीत लिहून ठेवतात. गोठेवाले बहुतेक उत्तरं त्यातच टाइप करत असावेत. चहा पाजणारे गोठेवाले मिळायला नशीब लागतं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. काय झालं म्हटलं तर म्हणाल्या, "काही नाही, तू तुझे सेकंद मोज." वयाने माणसाला कशाचंही हसू येतं.

मंगळवार, ८ एप्रिल

आज मन मोठं केलं. चहाच्या वेळी पेचकसला गाठलं आणि सरळ म्हटलं, "हे बघा, मला सगळं माहीत आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? इस्त्री दिसते, जिन्यातले फोन दिसतात. माझं काही म्हणणं नाही. उलट तुमचं भलंच व्हावं. फक्त पंधरा तारीख होऊ द्या."

"पंधरानंतरच विचारणार आहे," तो म्हणाला. "अजून हिंमत नाही झाली."

"हिंमत कसली त्यात? तुमच्यासारखा माणूस कुणाला मिळणार आहे? समोरून कोण नाही म्हणेल?"

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी त्याला बक्षीस दिलंय. मग म्हणाला, "मॅडम, खरंच वाटतं तुम्हाला?"

"खरंच. लांब पडेल का पण?"

"येऊन जाऊन करीन. पंचेचाळीस मिनिटं." आणि पुढे म्हणाला, "इथलं सोडणार नाही."

दोन दोन नोकऱ्या करणार म्हणे. माणूस दिसतो तेवढा साधा नाही. पण त्याच्याबद्दल वाईट वाटलं मला. हा विभाग राहिला तर त्याला कुठे जायची गरजच नाही. आता हे माझ्या एकटीपुरतं राहिलेलं नाही.

शनिवार, १२ एप्रिल

चौदा सेकंद. वीसच्या आत, पण डॉक्टरांना तपासायलाही वेळ हवा ना. चौदाला उठलं तर हातात सहा उरतात. सहा सेकंदांत गाय तपासून होत नाही, निदान दहा-बारा तरी लागतात. दुपारभर डोकं धरून बसले. प्रोसेसरचे चारही कोर कामाला लावले आहेत, एक वाचतो, बाकीचे उलगडतात. आणखी पिळायला काही शिल्लक नाही.

घरी आले तर सासूबाई दुपारच्या झोपेतून उठत होत्या. नवरा एकाच वेळी त्यांना चहा, पेपर, गोळी, फोन, शाल असं सगळं देत होता. त्या म्हणाल्या, "अरे, आधी चष्मा दे. मी जागी झाले की नाही ते मला बघू दे. बाकीचं मग सावकाश आण."

चहा तसाच ठेवून ऑफिसात परत गेले.

आधी पडदा आणि दांडा. शेवटी पडद्यावर जे होतं ते पान पहिलं वाचायचं, दांड्याला लागतं तेवढं दुसरं, आणि डॉक्टर कामाला लागल्या की बाकीचं मागून निवांत भरत राहू दे.

सात सेकंद. खऱ्या, भरलेल्या, वास येणाऱ्या मशीनवर सात. ह्या वेळी केक मागवला नाही. गोठ्यात बघू.

सोमवार, १४ एप्रिल

पेचकस मशीन घेऊन गेलाय. उद्या परस्पर तिथेच आणेल, झाकण लावलेलं. संध्याकाळी फोन करून विचारलं, सगळं ठीक ना? म्हणाला, "चौदा नंबरने दोरी तोडली. घाईत झाकण लावलं. काम अर्धंच राहिलं." आवाज पडलेला होता. मी म्हटलं, अर्धंच राहू दे, पुसू मात्र नका. "नाही पुसणार," म्हणाला.

झोप येत नाही. उद्या रात्री ह्या वहीत एकतर चाळीस असेल नाहीतर हजेरी.

मंगळवार, १५ एप्रिल

क्रमाने लिहिते, नाहीतर गोंधळ होईल.

संघाच्या अध्यक्षबाई आल्या होत्या, सोबत दोन सभासद. साहेब टाय लावून गोठ्यात. मी जुन्या चपलेत. डॉक्टर मोजा चढवून चौदा नंबरच्या मागे उभ्या. पेचकस मशीन घेऊन आला, तोंडावर इतका घाम की मला वाटलं मशीन पडलं बिडलं की काय. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पडदा आमच्याकडे करा, आम्हालाही दिसू दे." एक सभासद म्हणाला, "मी मोठ्याने मोजतो."

डॉक्टरांनी डाव्या हाताने झाकण उघडलं. एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात, आणि पडदा उजळला. शेवटी जे होतं ते अक्षरन् अक्षर जागेवर. मी सात सेकंदांसाठी सहा आठवडे झिजले होते, त्यामुळे मी फक्त पडदा उजळला हे पाहिलं, त्यावर काय आहे ते वाचलंच नाही. मोजणारा सभासद मात्र मोजायचा थांबला.

मी ओरडले, "मोजा ना, थांबलात कशाला?" आणि स्वतःच मोजायला लागले. आठ. नऊ.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "गाय चौदा, नोंद. 'तुमच्या आईंना मी चालेन का?' 'आईला विचारलं. ती म्हणाली, कमी बोलणारा असला तर फारच उत्तम.' 'आणि तुम्हाला?'" त्यापुढची जागा रिकामी होती आणि तिथे टाइप करायची रेघ लुकलुकत होती. काल गायीने जिथे दोरी तोडली, तिथेच.

पेचकस खांबाला धरून उभा होता. दहा, मी म्हटलं. माझ्या तोंडून आकडे निघत होते आणि डोक्यात इस्त्रीचे शर्ट, जिन्यातले फोन, सव्वीस वेळा 'उद्या येणार?' हे सगळं मागून निवांत भरत होतं. अकरा.

अकराला डॉक्टरांनी मोजा नसलेलं बोट पुढे केलं आणि एका अक्षराचं काम केलं. हो. मग लगेच दांडा उचलला, जणू मधे काही झालंच नाही. बाराला पडद्यावर चित्र आलं. सोळाला राखाडी रव्यात एक टिपूस फडफडताना दिसलं. "वासराचं हृदय," डॉक्टर म्हणाल्या. आवाज त्यांचा थोडा कापला, ते वासरामुळे असेल किंवा नसेल. एकोणीसला त्यांनी हात काढला. वीस. एकविसाव्याला चौदा नंबरने बादली उडवली, नेहमीप्रमाणे.

मला रडू आलं. साहेबांनी स्वतःचा रुमाल दिला, त्यांना वाटलं मशीनसाठी रडतेय. मशीनसाठीही होतंच.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "जिथे सोडलं तिथूनच सुरू होतं का हे नेहमी?"

मी म्हटलं, "नेहमी."

"मग चाळीस पाठवा," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरांना सांगा, गायीच्या नोंदीत गायीचंच लिहीत जा."

बुधवार, १६ एप्रिल

विभाग राहिला. हजेरीवाल्यांनी वरून अभिनंदनाची चिठ्ठी पाठवली, त्यांनाही हायसं वाटलं असणार.

पेचकस सकाळी टेबलाशी आला. सकाळी म्हणजे नऊलाच, इस्त्रीच्या शर्टात. "मॅडम, चाळीस मशीनवर प्रत काढायच्या आधी ती नोंद काढून टाकाल?"

मी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. कुणीही काहीही पुसायचं नाही.

तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. मग म्हणाला, "आठ तारखेला तुम्ही धीर दिलात म्हणून लिहिलं. नाहीतर पंधरानंतरही लिहिलं नसतं."

आता ह्या माणसाला मी कसं सांगणार होते की मी त्याला नव्या नोकरीसाठी धीर देत होते? म्हटलं, "मला पहिल्यापासून माहीत होतं." तेवढं खोटं चालतं.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला. "मला पहिल्या इस्त्रीलाच कळलं होतं," म्हणाल्या. "आणि त्या सव्वीस 'उद्या येणार'नंतर तर आंधळ्यालाही दिसलं असतं. तू इतके दिवस काय बघत होतीस गं?"

"सेकंद," मी म्हटलं.

त्या परत हसायला लागल्या, मग मीही. नवरा स्वयंपाकघरातून विचारत होता काय झालं, पण त्याला सांगायला आम्हाला बराच वेळ लागला.